नेमाचा दोष कोणाचा? झाई येथील एक शिकारी रायफल व तिची टिपणवही

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकास, महाराष्ट्राचा किनारा संपून गुजरातचा जेथे सुरू होतो तेथे, झाई हे समुद्रकाठचे गाव आहे. दक्षिणेस बोर्डी व घोलवड, उत्तरेस उंबरगाव, पश्चिमेस मांगेल्यांच्या होड्या आणि पूर्वेस वारल्यांचे पाडे व डोंगराकडे चढत गेलेले रान, अशी त्याची चतुःसीमा सांगता येईल. १९६० साली मुंबई राज्याची वाटणी होईपर्यंत उंबरगावासह हा सर्व टापू ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. पालघर हा निराळा जिल्हा २०१४ साली झाला. या भागातील एका जुन्या घराण्याचे दप्तर पाहत असता जमाखर्चाच्या चोपड्यांत एक लहान टिपणवही आमच्या हाती आली. ती ज्या शिकारी रायफलीविषयी लिहिली आहे ती रायफलही त्याच घरी, वारसाच्या परवान्यावर नोंदलेली, कुलुपाच्या पेटीत ठेवलेली आहे. कागद व वस्तू हे दोन्ही साक्षीदार एके ठिकाणी सापडण्याचा योग संशोधकास क्वचितच येतो. घराण्याच्या इच्छेवरून त्याचे नाव येथे देत नाही.

ही वही केवळ कुतूहलाची असती तर आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. परंतु तीत एका मनुष्यावर आरोप आहे. रायफल पूर्वी उत्तम नेम धरीत असे, पुढे ती गोळी भलतीकडे टाकू लागली. आणि हे कृत्य बंदूक सांभाळणाऱ्या वारली गड्याचे, त्याने शेजाऱ्याच्या फितुरीने पुढची माशी ठोकून हलविली, असा निर्णय धन्याने लिहून ठेवला आहे. गड्याचे राहिलेले धान्य अडवून त्यास कामावरून दूर केले, अशीही नोंद पुढे आहे. गड्याचे नाव वहीत कोठेच नाही. त्याची बाजू मांडणारा दुसरा कागदही दप्तरात नाही. त्याच्या बाजूने बोलू शकेल अशी एकच वस्तू उरली आहे, ती म्हणजे स्वतः रायफल. म्हणून तिची तपासणी कशी केली व तीतून काय निघाले, हे क्रमाने सांगतो. ज्यांच्या संग्रही अशी हत्यारे आहेत त्यांस ही रीत इतरत्रही उपयोगी पडेल.

रायफलीची जात व काळ

रायफल एका वेळी एकच काडतूस घेणारी, मार्टिनी पद्धतीची आहे. दस्त्याखालील दांडी खाली ओढली म्हणजे लोखंडी पेटीतील ठोकळा पुढच्या अंगाने खाली झुकतो व काडतुसाचे घर उघडते. दांडी वर घेतली की ठोकळा वर येऊन मागची वाट बंद करतो. ही रचना स्वित्झर्लंडातील यंत्रज्ञ फ्रीड्रिख फॉन मार्टिनी याच्या नावाने प्रसिद्ध आहे. तिला एडिंबरो येथील अलेक्झांडर हेन्री याच्या सात खाचांच्या नळीची जोड देऊन इंग्रज सरकारने १८७१ साली ती आपल्या फौजेसाठी पत्करली. पुढे त्याच ठोकळ्यावर अनेक कारखान्यांनी शिकारी रायफली बांधल्या. झाईची रायफल त्यांपैकी एक होय. कारखान्याचे नाव घासून गेले आहे, परंतु नळीच्या बुडाशी मुकुट व एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन राजदंड यांची मोहर स्पष्ट आहे. ही बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाची १८१३ पासून १९०४ पर्यंत चाललेली मोहर आहे. यावरून नळी १९०४ च्या अलीकडची नव्हे, आणि ठोकळ्याच्या रचनेवरून रायफल १८७० च्या सुमाराच्या आधीची नव्हे, इतके निश्चित होते.

वहीचे पहिले पान फाटलेले असून साल कोठेही दिलेले नाही. नोंदी महिना व तिथी यांच्या आहेत. तेव्हा वहीचा काळ रायफलीवरूनच ठरवावा लागतो. येथे वस्तू कागदाला आधार देते. पुढे कागद वस्तूला आधार देईल.

वही काय सांगते

लिहिणारा मनुष्य टापटिपीचा होता. दरवर्षी कार्तिकापासून चैत्रापर्यंत, शंभर पावलांवर फळी रोवून, पाच पाच बार टाकून त्याने रायफल पारखली आहे. प्रत्येक वेळी काडतूस कोणत्या पेटीतील, गोळी मध्यापासून किती व कोणत्या बाजूस, पाचही भोके मिळून केवढ्या जागेत मावतात, हे सारे टिपले आहे. आरंभी पाचही भोके चार बोटांत मावत. काही वर्षांनी ती वीतभर पसरली. शेवटच्या नोंदींत हातभर. मध्यंतरी त्याने स्वतः दोनदा माशी सरकविली, तेही लिहून ठेवले आहे. एकदा आलेल्या पाहुण्यानेही याच रायफलीने बार टाकले आणि त्याचीही भोके तशीच विखुरली. शेवटच्या दोन पानांवर आणखी एक बारीक नोंद आहे: काही भोके वाटोळी नसून लांबट पडली. ही नोंद लिहिणाऱ्यास महत्त्वाची वाटली नाही. आमच्या मते साऱ्या वादाचा उलगडा तीत आहे.

सरकणे व विखुरणे

नेम चुकतो असे आपण सरसकट म्हणतो, परंतु त्यात दोन अगदी निराळे दोष मिसळलेले असतात. पाचही गोळ्या एकमेकींजवळ पडल्या पण सर्वच्या सर्व डावीकडे गेल्या, तर तो सरकण्याचा दोष होय. गोळ्या मध्याभोवती चोहीकडे पसरल्या, तर तो विखुरण्याचा. पहिला दोष बहुधा माशीचा किंवा मागच्या खाचेचा असतो. दुसरा काडतुसाचा, लाकडाच्या सांध्यांचा, नळीचा किंवा नेम धरणाऱ्या हाताचा.

माशी कोणी ठोकून अर्धा दोरा उजवीकडे नेली, तर गोळ्या डावीकडे जातील. पण त्या सर्वच जातील, आणि मिळून जातील. माशी हलविल्याने चार बोटांचा घेर हातभर होत नाही. वहीतील दोन्ही फेरफारांनंतर नेमके हेच घडले आहे: भोकांचा मध्य बाजूस गेला, घेर होता तेवढाच राहिला. म्हणजे धन्याने आपल्याच हाताने दोनदा प्रयोग करून गड्यावरील आरोप खोटा ठरविला होता. फक्त आपल्या आकड्यांचा अर्थ त्याने लावला नाही. माशीच्या बुडाशी ठोकल्याच्या खुणा आहेत खऱ्या. त्या कोणाच्या हातोडीच्या हे लोखंड सांगत नाही. परंतु कोणाच्याही असल्या तरी विखुरण्याचे कारण त्या नव्हेत.

एक एक कारण वगळणे

अशा तपासणीत एकच नियम पाळावा लागतो: एका वेळी एकच गोष्ट पारखावी, आणि जी सर्वांत सोपी ती आधी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारणा कोणत्या गोष्टीने झाली हे कधीच कळत नाही.

प्रथम हात. धन्याचा हात वयोमानाने कापू लागला असेल ही शंका योग्यच होती. परंतु पाहुण्याच्या बारांनी ती दूर होते. दोन निरनिराळे हात सारखेच चुकले, तर दोष हातात शोधू नये.

दुसरे काडतूस. दारू कमीअधिक भरली गेली तर गोळीचा वेग बदलतो व भोके मुख्यतः वरखाली ओळीने पडतात. येथे ती आडवीही तितकीच पसरली आहेत. शिवाय पेटी बदलली की घेर बदलला असे एकदाही दिसत नाही. काडतूस सुटले.

तिसरे सांधे. मार्टिनी रायफलीचे लाकूड अखंड नसते. मागचा दस्ता एका लांब मळसूत्री खिळ्याने लोखंडी पेटीस आवळलेला असतो व पुढचे लाकूड नळीस निराळे जोडलेले असते. दस्त्याचा खिळा ढिला झाला तर प्रत्येक धक्क्यास रायफल निराळी बसते आणि गोळ्या विखुरतात. म्हणून अशा बंदुकीत हा खिळा सर्वांआधी पाहावा. आम्ही पाहिला तो घट्ट आहे. त्याच्या खाचेत जुने रोगण व धूळ घट्ट बसलेली असून तो अलीकडे कधी उघडल्याची खूण नाही. पुढचे लाकूड समुद्राच्या दमट हवेने फुगून नळीस रेटू लागते, हाही झाईसारख्या गावी नित्याचा संभव. परंतु तसे असते तर पावसाळा नुकताच सरलेल्या कार्तिकातील व कोरड्या चैत्रातील नोंदींत फरक पडला असता. तसेच नळी तापत जाऊन लाकडावर दाबली, तर पहिल्यापासून पाचव्या बारापर्यंत भोके एकाच दिशेने चढत जातात. वहीत बारांचा क्रम दिला आहे. तसे चढणे त्यात नाही. लाकूडही सुटले.

राहिली नळी.

नळीची तपासणी

नळीस हात लावण्यापूर्वी काडतुसाचे घर रिकामे आहे हे डोळ्यांनी व बोटाने, दोहोंनी पाहावे. जुनी भरलेली बंदूक भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेली सापडते, हे संग्राहकांस ठाऊक आहे. तसेच अशी रायफल उडवून पाहण्याचा मोह धरू नये. जुनी नळी फुटली तर पुरावा व पारखणारा दोघेही जातात. आम्ही एकही बार टाकला नाही, आणि त्याची गरजही पडली नाही.

गजाच्या टोकास घट्ट चिंधी बसवून, गज मोकळा फिरेल अशा बेताने आत सारला. खाचांबरोबर तो फिरत गेला व २२ इंचांत एक पूर्ण फेरा झाला. मार्टिनी-हेन्रीच्या नळीचा फेरा हाच आहे. तेव्हा लांब गोळीस पुरेशी गिरकी मिळत होती. प्रथमच्या वर्षांतील वाटोळी भोके याची साक्ष देतात.

नंतर मऊ शिशाची एक गोळी तोंडाशी जेमतेम बसेल एवढी करून तीत मळसूत्री खिळा रोवला, ती बोटभर आत ठोकून मागे ओढून काढली. दुसरी तशीच गोळी लाकडी दांड्याने सबंध नळीतून काडतुसाच्या घरापर्यंत नेली. ती तोंडाशी सहज सरकली, परंतु सुमारे इंचभर आत गेल्यावर अडू लागली व पुढे सर्वत्र सारखी घट्ट गेली. दोन्ही गोळ्या भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्या. सबंध नळीतून गेलेल्या गोळीवर सातही खाचांचे ठसे स्पष्ट उमटले आहेत. तोंडाशी ठोकलेल्या गोळीवर एका बाजूचे ठसे पुसट आहेत, दुसऱ्या बाजूस ते जवळजवळ नाहीतच. म्हणजे नळीचे तोंड घंटेसारखे फाकले आहे, तेही एका अंगास अधिक.

याचा परिणाम असा होतो. गोळी नळीतून सुटताना तिच्या बुडामागचा वायू तोंडाच्या कडेभोवती सर्व बाजूंनी एकाच क्षणी निसटला पाहिजे. कड एकीकडे झिजलेली असली तर तेथून तो आधी निसटतो व गोळीच्या बुडास ढकलतो. कड तेवढी झिजून बाकी नळी शेवटपर्यंत घट्ट असती, तर सर्व गोळ्या बहुधा एकाच अंगास गेल्या असत्या. परंतु येथे शेवटच्या इंचात गोळीस आधारच उरला नव्हता; प्रत्येक गोळी तेथे थोडी निराळी कलंडली, निराळ्या दिशेस गेली, आणि काही तर कलंडलेल्या स्थितीतच फळीवर आदळल्या. लांबट भोके ती हीच.

तोंड का झिजले

आता खरा प्रश्न. इतर नळी चांगली असता तोंडच कसे झिजले? त्याचे उत्तर रायफलीच्या रचनेत आणि वहीच्या आरंभीच्या एका आज्ञेत आहे.

मार्टिनीच्या पेटीची मागची बाजू बंद असते. ठोकळा खाली झुकला तरी मागून सरळ गज घालण्यास वाट मिळत नाही. तेव्हा गजाने साफ करावयाची ती नळी तोंडाकडूनच करावी लागते, आणि दर खेपेस गज तोंडाच्या कडेवर घासतो. बंदूक उभी धरून एकच मनुष्य रोज साफ करू लागला, की गज नेहमी एकाच बाजूस कलतो.

आज्ञा अशी आहे: बार टाकलेल्या प्रत्येक दिवशी, आणि पावसाळ्यात बार टाको न टाको दररोज, लोखंडी गजाने, खोबरेल तेल व विटेची वस्त्रगाळ पूड लावलेल्या चिंधीने नळी घासावी. आज्ञेचे अक्षर धन्याचेच आहे. विटेची पूड चिंधीत व गजास चिकटून बसली की तो गज राहत नाही, कानस होते.

धन्यास विटेची पूड का लागली, हेही समजून घेतले पाहिजे. कारण त्यासही मूर्ख ठरविण्याचा आमचा हेतू नाही. काळी दारू जळल्यावर मागे राहणारा मळ हवेतील ओल ओढून घेतो. त्यातच त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत बहुधा पोटॅशियम क्लोरेट असे; ते जळून जो क्षार उरतो तो समुद्राच्या मिठाचा सख्खा भाऊ असून तसाच पाणी शोषतो व लोखंड खातो. हा क्षार पाण्यात विरघळतो, तेलात विरघळत नाही. कढत पाण्याने नळी धुऊन, पुसून, वाळवून मग तेल लावले असते तर काम झाले असते. येथे पाणी लोखंडाचे वैरी म्हणून टाळले व नुसते तेल लावले. क्षार तेलाखाली तसाच राहिला, झाईच्या खाऱ्या हवेने त्यास ओल पुरविली, गंज पुन्हा पुन्हा चढला, आणि तो काढण्यास विटेची पूड आली. काडतुसाच्या घरापुढे गंजाचे खड्डे आजही दिसतात. क्षारातून गंज, गंजातून पूड, पुडीतून झीज, अशी ही साखळी आहे. हयगयीने नव्हे, अती निगेने ही रायफल बिघडली.

वारली गड्याने काय केले? त्यास जे सांगितले ते केले, आणि रोज केले. त्याने आळस केला असता तर रायफलीचा नेम अधिक वर्षे टिकला असता.

संशोधकांसाठी दोन शब्द

या एका घरगुती प्रकरणावरून मोठे सिद्धांत काढू नयेत, हे आम्ही जाणतो. तथापि एक सूचना करावीशी वाटते. हाच किनारा १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजांनी पोर्तुगीजांपासून घेतला. डहाणू व तारापूर हाती आली, आणि तारापुराच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्या काळच्या ठासणीच्या बंदुकांच्या नळ्या बहुधा आतून गुळगुळीत असत, आणि गोळी नळीहून किंचित लहान असे. ती आत आपटत जाई व शेवटचा धक्का ज्या बाजूस लागेल तशी गिरकी घेऊन हवेत वळे. हे तत्त्व इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने पुढे थोड्याच वर्षांत प्रयोगांनी मांडले. त्याचा तोफविद्येवरील ग्रंथ १७४२ साली निघाला. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनियर म्हणून हिंदुस्थानात आला व १७५१ साली येथेच मरण पावला. अशा नळीतून सुटलेली गोळी चुकणे हा नियम होता, लागणे हा अपवाद. तेव्हा जुन्या पत्रांत बार वाया गेले, हत्यार बिघडले, कोणी फितूर झाला, अशी वाक्ये भेटतात तेथे फितुरीवर विश्वास ठेवण्यापूर्वी दारू ओली होती काय, गोळी नळीस बेताची होती काय, नळी कशी राखली जात होती, हे विचारणे आपले कर्तव्य आहे. पत्र लिहिणारा बहुधा धनी असतो. ज्याच्यावर आरोप आहे तो बहुधा लिहीत नाही.

संग्राहकांस विनंती अशी. जुन्या बंदुकीची नळी घासून चकचकीत करू नये. गंज जेवढा चालू असेल तेवढाच हलक्या हाताने थांबवावा. फाकलेले तोंड कापून कड नव्याने चौरस करणे हा कारागिराचा जुना व खरा उपाय आहे, आणि त्या काळी तो केला असता तर ही रायफल सुधारली असती. परंतु आज ते तोंड म्हणजे पुरावा आहे. ते कापणे म्हणजे कागदाची शेवटची ओळ फाडणे. माप, मोहर, खाचांची संख्या व फेरा, झिजेची बाजू, इतके टिपून ठेवावे आणि बंदुकीसंबंधी घरात जे कागद असतील ते तिच्याजवळच राखावे. कायद्याकडेही लक्ष असावे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या घाटाच्या वा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांस सूट आहे, पण दुरुस्ती करूनही उडविता येणार नाहीत अशांसच. झाईच्या रायफलीसारखी चालू स्थितीतील वस्तू परवान्यावाचून ठेवता येत नाही. शिकारीचा प्रश्न तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच मिटला आहे.

शिशाच्या दोन्ही गोळ्या, मापांचा कागद व या लेखाची नक्कल आम्ही घराण्याच्या हवाली केली आहे. घरच्या मंडळींनी त्या वहीतच, आरोपाच्या पानासमोर, ठेवण्याचे मान्य केले. अडवून ठेवलेले धान्य आता कोणास देता येणार नाही, कारण घेणाऱ्याचे नावच आपणांस ठाऊक नाही. परंतु यापुढे जो कोणी ती वही उघडील त्यास आरोपाबरोबर उत्तरही वाचावयास मिळेल.